प्रिय डॉक्टर धोंडिबा

आमच्या कॉलेजात हिरे तयार होतात हे शिरूरमध्ये निम्म्या लोकांना खरं वाटायचं नाही, आणि ज्यांना खरं वाटायचं ते बायकोला घेऊन बघायला यायचे. हिरे करणारे आमचे सर कुणालाच नाही म्हणत नसत. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेला लागून एक जुनी अडगळीची खोली होती, तिथं ते त्या जोडप्याला उभं करायचे, चिमट्यात धरून नखाएवढा एक तुकडा काढायचे आणि म्हणायचे, "हा बघा." तुकड्यावर दिसायची नुसती करडी काळपट साय, तव्याच्या बुडाला धरते तशी. बाई नवऱ्याकडं बघायची, नवरा सरांकडं. मग सर त्यांना सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगत, तेव्हा कुठं ते टोकदार लखलखीत कण दिसत. एका बाईंनी विचारलं होतं, "अंगठीत बसंल का हो सर?" सर गंभीरपणे म्हणाले, "बसेल. पण अंगठी मुंगीची लागेल."

मी त्या कॉलेजच्या ऑफिसात कारकून होतो. आपल्याकडं कारकुनाला भाऊसाहेब म्हणायची रीत आहे, तसे सरही मला शेवटपर्यंत भाऊसाहेबच म्हणाले. प्राध्यापक मंडळींचं आणि माझं फारसं जमायचं नाही. रजेचा अर्ज रजा भोगून झाल्यावर देणारी ती जमात. सर मात्र अर्ज आधी द्यायचे आणि रजाच घ्यायचे नाहीत. त्यामुळं माझी रजिस्टरं चुकायची ती वेगळीच.

नव्वदच्या आगेमागे ते आमच्याकडं आले. त्याआधी पुण्यात डॉक्टरेट झाली होती, वर्ष-दीड वर्ष परदेशातल्या एका प्रयोगशाळेत काढलं होतं. तिथं राहा म्हणून त्यांना आग्रह झाला होता, हे मी त्यांच्या फायलीतल्या पत्रांत वाचलंय. का परत आलात, असं स्टाफरूममध्ये कुणीतरी दर सहा महिन्यांनी विचारायचंच. सरांचं उत्तर ठरलेलं, "शिरूरहून दौंडला थेट एसटी आहे. तिकडून नव्हती." लोक हसायचे. पण ते खरंच होतं. दौंडला त्यांचे वडील होते, एकटे. सर शिरूरला खोली घेऊन राहायचे आणि दर शनिवारी दुपारच्या गाडीनं दौंडला जायचे.

पोरांनी त्यांचं नाव 'अधिक-उणे' ठेवलं होतं. कारण सर कुठलाही आकडा मोकळा सोडत नसत, त्यात चुकीला जागा ठेवत. गाडी किती वाजता, तर "साडेनऊ, अधिक-उणे वीस मिनिटं." किती वाजले, तर "माझ्या घड्याळात दहा वाजून सात. खरे किती ते माहीत नाही." आमच्या शिपायाच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण त्यांनी असंच घेतलं, म्हणाले, "येतो, अधिक-उणे एक दिवस." आम्हांला वाटलं चेष्टा करतात. गृहस्थ खरंच दुसऱ्या दिवशी हजर झाले, मांडव सोडत होते तेव्हा. उरलेली बुंदी खाल्ली, दोन खांब उपटायला हात लावला आणि नवरी कुठाय म्हणून विचारलं. शिपाई अजून सांगतो, लग्नाला शेकडो आले, पण मांडव सोडायला आलेले सर एकटेच.

हिरा कसा करतात हे त्यांनी मला समजेल अशा बेतानं सांगितलं होतं. एका स्टीलच्या डब्यातली सगळी हवा काढायची, आत भरपूर हायड्रोजन आणि चिमूटभर मिथेन सोडायचा, टंगस्टनची तार पांढरी होईस्तोवर तापवायची आणि तारेखाली सिलिकॉनचा तुकडा ठेवायचा. मिथेनमधला कार्बन त्या तुकड्यावर येऊन बसतो. शिस्तीत बसला तर हिरा, गबाळा बसला तर काजळी. "कार्बनला घाई झाली की काजळी होते, भाऊसाहेब," असं ते म्हणायचे. मी फायली उरकायची घाई केली की माझ्या टेबलाशी येऊन नुसतं "काजळी" म्हणायचे आणि निघून जायचे.

तासन् तास तार पेटलेली ठेवायची आणि मधेच वीज गेली की सगळं मातीमोल. मग सर खोलीबाहेरच्या पायरीवर बसून राहायचे. चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. फक्त एकदा त्यांचा आवाज चढला, तो एसटीत, आणि तो प्रसंग मी पाहिलेला नाही, कंडक्टरकडून ऐकलाय. झालं असं, की मिथेनचं सिलिंडर महिनाभर आलं नाही. पाबळच्या वाटेवर एका शेतकऱ्याकडं गोबरगॅस होता. गोबरगॅस म्हणजे निम्म्याहून जास्त मिथेनच. सर ट्रकच्या टायरची ट्यूब घेऊन गेले, ती गॅसनं भरली आणि एसटीत मागच्या सीटवर ट्यूब मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय ह्यात?" सर खोटं बोलणार नाहीत. म्हणाले, "गोबरगॅस." तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं विडी काढून काडी ओढायला घेतली. सर ओरडले, "काडी टाका!" अख्खी गाडी खाली उतरली. कंडक्टर म्हणाला, "सर, तुमच्यापुढं हात जोडतो, पर एक तर तुम्ही न्हाईतर हे पब्लिक." सर उतरले आणि उरलेलं अंतर ती ट्यूब गळ्यात घालून चालत आले. सत्काराला निघालेल्या पुढाऱ्यासारखे दिसत होते, असं आमचा शिपाई म्हणाला.

तो गॅस त्यांनी चुन्याच्या निवळीतून काढून साफ केला आणि त्याचा हिरा केला. शेणाचा हिरा. त्यावर लिहिलेला लेख परदेशात छापून आला आणि पुढं त्यांच्या सगळ्या लेखांत तोच जास्त गाजला.

गाजला म्हणजे काय, हे मला आधी कळायचं नाही. एक दिवस सर ऑफिसात आले, आणि कधी नव्हे ते खुशीत म्हणाले, "भाऊसाहेब, एका जपानी माणसानं माझा दाखला दिला." मी विचारलं, "कसला, रहिवाशी?" माझं आयुष्य शाळा सोडल्याचे आणि चारित्र्याचे दाखले देण्यात गेलेलं. सरांनी समजावलं. एखाद्यानं स्वतःच्या लेखात, हे काम आधी अमक्यानं केलंय, असं लिहायचं, तो दाखला. शास्त्रज्ञाची किंमत त्याच्यावर ठरते. मी म्हटलं, "मग सही-शिक्का कुणाचा?" म्हणाले, "कुणाचाच नाही. म्हणूनच त्याला किंमत."

आता माझी चूक सांगतो.

सरांचा शिरूरहून गेलेला पहिला लेख मी टाइप केला. ऑफिसच्या टाइपरायटरवर, ऑफिसच्या सवयीनं. आमच्या प्रत्येक रजिस्टरात नाव लिहायची एकच रीत, आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, शेवटी वडिलांचं. सरांचं नाव मी तसंच ठोकलं. सरांनी लेखातला प्रत्येक आकडा तीनदा तपासला, स्वतःचं नाव तपासलं नाही. तिकडं परदेशात शेवटचा शब्द तेच आडनाव समजतात. लेख छापून आला आणि काही महिन्यांनी कॉलेजात एक पोस्टकार्ड आलं. त्या काळी इंटरनेट नव्हतं. एखादा लेख वाचायला मिळाला नाही की लोक लेखकालाच छापील कार्ड पाठवून प्रत मागवायचे. कार्डावर लिहिलं होतं, 'प्रिय डॉक्टर धोंडिबा.'

मी त्यावर लाल शाईनं 'असा इसम या कॉलेजात नाही' असा शेरा मारून ते परत पाठवायच्या ट्रेमध्ये टाकलं. सर खडू न्यायला आले होते. त्यांची नजर गेली. कार्ड उचललं, वाचलं आणि एवढे हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली.

"हे माझे वडील," ते म्हणाले.

धोंडिबा रेल्वेत गँगमन होते. पुढं चावीवाले झाले, म्हणजे हातोडा आणि चावी घेऊन रोज मैलोन् मैल रुळांवरून चालायचं, ढिले खिळे ठोकायचे आणि संध्याकाळी रूळ ठीक असल्याचं सांगायचं. त्यांच्या आधीची दोन भावंडं जगली नव्हती. तेव्हा मूल जगावं म्हणून धोंडू, धोंडिबा असं नाव ठेवत, म्हणजे मरणाला वाटावं की हा धोंडा आहे, ह्याला कशाला न्या. मी खजील होऊन म्हटलं, "सर, हिऱ्याच्या शास्त्रात मी धोंडा घातला." सर म्हणाले, "घाला की. दोन्ही खाणीतलेच."

मी लगेच त्या मासिकाला दुरुस्तीचं पत्र टाइप केलं. शनिवार होता. सर सोमवारी सही करतो म्हणाले आणि ते कार्ड खिशात घालून दौंडला गेले. सोमवारी आले ते म्हणाले, "राहू द्या, भाऊसाहेब." का, तर एकदा धरलेलं एकक मधेच बदलू नये, आधीचं काम शोधणाऱ्याला सापडत नाही. पुढचे सगळे लेख मी त्यांच्या सांगण्यावरून त्याच चुकीच्या क्रमानं टाइप केले.

कार्डं येत राहिली. जपानहून, रशियाहून, कुठून कुठून. तिकिटांसाठी स्टाफची पोरं माझ्या टेबलाभोवती घिरट्या घालत. सर प्रत्येक कार्डाला लेखाची प्रत पाठवत आणि शनिवारी ते कार्ड दौंडला नेत. तिथं खुंटीला एक तार होती, आपण घरात बिलं आणि पत्रं खोचतो तशी. सर वडिलांना कार्ड मराठीत वाचून दाखवत आणि तारेत खोचत. हे मला सरांनीच सांगितलं, आणि सांगताना म्हणाले, "आबांना बरं वाटतं."

असं दहा-बारा वर्षं चाललं. मग सरांच्या बढतीची वेळ आली. ही नुसत्या पगाराची गोष्ट नव्हती. बढती झाली तरच त्यांना हाताखाली संशोधनाची पोरं घेता येणार होती. दोन पोरं एम.एस्सी. होऊन त्यासाठीच वर्षभर थांबली होती, एक तर रांजणगावच्या कंपनीत पाळी करून. सरांची नोकरीही थोडीच उरली होती. पोरं आली नाहीत तर सरांमागं त्या खोलीला कुलूप, हे सगळ्यांना दिसत होतं.

समितीपुढं सर गेले. कागदांचा गठ्ठा घेऊन मी बाहेर बसलो होतो, दार उघडंच होतं. समितीनं पुण्याहून दाखल्यांची यादी काढून आणली होती. सरांच्या आडनावावर यादीत जवळजवळ काहीच नव्हतं. त्यातले एक वयस्कर सदस्य फार सौजन्यानं म्हणाले, "तुमच्याच विषयात हे एक धोंडिबा म्हणून दिसतात. त्यांचे दाखले जगभर आहेत. तुम्ही त्यांचं काम वाचायला हवं होतं."

सर म्हणाले, "ते माझे वडील."

"वा, म्हणजे घराण्यातच संशोधन."

"नाही. ते रेल्वेत गँगमन होते."

पुढं अर्धा तास मी आत जाऊन रजिस्टरातल्या नावाची रीत समजावत होतो. शेवटी समितीनं सोपा मार्ग काढला. महिनाभरात प्रतिज्ञापत्र द्या, की धोंडिबा आणि तुम्ही ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत. तहसील कचेरीत याचा तयार मसुदा मिळतो, अर्ध्या तालुक्यानं ते केलेलं असतं. दुसऱ्याच दिवशी मी ते टाइप करून सरांपुढं ठेवलं.

सरांनी वाचलं आणि कागद परत सारला. "हे खोटं आहे."

"सर, सगळेच करतात."

"धोंडिबा मी नाही. धोंडिबा दौंडात आहेत, त्यांचा गुडघा दुखतो. दोन माणसं एक आहेत असं मी लिहून देणार नाही."

मी विनवलं, प्राचार्यांनी विनवलं. मी दुरुस्तीचं जुनं पत्र काढलं, एकक बदलायचं नाही म्हणून तेही घेईनात. पंधरा दिवस गेले. माझी झोप उडाली. सगळी काजळी माझ्या हातची होती. शेवटी सरांना न सांगता मी एसटीत बसलो आणि दौंडला आबांकडं गेलो.

आबा दारात पलंगावर बसले होते. डोळ्यांनी अधू झालेले, पण आवाज खणखणीत. मागं खुंटीला ती तार, कार्डांनी गच्च भरलेली. पाणी पिऊन झाल्यावर मी विषय काढला, "आबा, सरांच्या कागदांवरनं तुमचं नाव काढायचं हाय."

"काढलं की त्यानं," आबा म्हणाले. "आजून किती काढायचंय?"

आता ह्या माणसाला कसं सांगावं. मी मान खाली घालून सांगून टाकलं. "आबा, ही कार्डं तुम्हाला न्हाईत. सरांला हायत. नाव चुकून पडलंय. माझ्या हातनं."

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "पयल्या कार्डालाच वळखलं म्या. गँगमनकडं हिऱ्याचा कागद कोन मागंल? पर पोरगं शनवारी येतंय, चा सुदिक घेत न्हाई, आधी कार्ड वाचतंय. म्हनलं, आयकावं. त्याला बरं वाटतंय."

"आन् सर म्हणत्यात, आबांला बरं वाटतंय."

"मंग दोघांलाबी बरंच वाटतंय की," असं म्हणून ते हसायला लागले. मला हसता येईना. मी बढतीचं, थांबलेल्या पोरांचं, प्रतिज्ञापत्राचं सगळं सांगितलं आणि म्हटलं, "आबा, तुम्ही सांगा त्यांला सही करायला. तुमचं ऐकतील."

आबांनी दुखरा गुडघा चोळला. मग म्हणाले, "एकदा पावसाचं साहेब बोलला, चालून येऊ नगं, नुसतं रूळ ठीक हाय म्हनून सांग. म्या न्हाई सांगितलं. न चालता रूळ ठीक म्हनायचं न्हाई, हे त्या पोराला म्या शिकवलंय. आता म्याच कसं सांगू, खोटी सही कर म्हनून?"

"मग कसं करायचं?"

"माझी घ्या की. म्या ह्यातलं काय लिव्हलं न्हाई, हे तर खरं हाय?"

मी कारकुनीत केस पांढरे केले, पण हे मला सुचलं नव्हतं. रिक्षा करून आबांना दौंडच्या तहसील कचेरीत नेलं. तिथला टायपिस्ट वैतागला, कारण त्याच्याकडं मी अमुक केलंय, अमुक माझं आहे, असं लिहून द्यायलाच लोक येतात. मी काही केलेलं नाही याचा मसुदा त्याच्याकडं नव्हता. मग आबांनी सांगितलं आणि मी सरकारी मराठीत फिरवलं. 'मी, धोंडिबा, वय अंदाजे पंच्याहत्तर, निवृत्त चावीवाला, सत्यप्रतिज्ञेवर सांगतो की, हिऱ्यांविषयी मी कोणतेही काम केलेले नाही. सदर सर्व लेख माझ्या मुलाने स्वतः लिहिले आहेत.' कचेरीतल्या साहेबांनी कागद वाचला, आबांकडं बघितलं आणि हळूच मला विचारलं, "चोरीचं प्रकरण हाय का?" आबांना ऐकू गेलं. म्हणाले, "न्हाई साहेब. पोराचं हाय ते पोराला दिऊन टाकायचंय."

अंगठा उमटवायच्या आधी आबांनी आणखी एक ओळ घालायला लावली. टायपिस्टनं ती त्याच्या भाषेत घातली, 'लेखांवर माझे नाव पडले, यास माझी हरकत नव्हती व नाही.'

दुसऱ्या दिवशी मी तो कागद सरांना दिला. न विचारता गेलो होतो, बोलणी खायच्या तयारीनं उभा होतो. सरांनी उभ्यानंच वाचला. परत वाचला. "वय अंदाजे पंच्याहत्तर, अधिक-उणे दोन हवं होतं," म्हणाले. "बाकी यात काही चूक नाही," एवढं म्हणून कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला.

"सर, तो समितीला पाठवायचाय."

"हा मी देणार नाही."

मला माझा माणूस माहीत होता. मी दौंडलाच दोन प्रती करून, दोन्हींवर अंगठा घेऊन आलो होतो. कारकुनी आयुष्यात एवढं एक शहाणपणाचं काम माझ्या हातून झालं. दुसरी प्रत त्याच दिवशी रजिस्टर पोस्टानं गेली. बढती झाली. ती दोन पोरं आली, त्यातला रांजणगावचा पहिल्या दिवशी कंपनीच्याच बुटांत आला. आबांनीच देऊन टाकल्यावर मासिकांच्या दुरुस्तीच्या पत्रांवर सरांनीही सह्या केल्या, आणि सरांचा पुढचा लेख मी त्यांचं नाव आधी आणि आडनाव शेवटी असा टाइप केला, बोट ठेवून तीनदा तपासून.

मग कार्डं थांबली. ई-मेल आला होता, आता कोण कार्ड टाकतंय. सर शनिवारी रिकाम्या हातानं दौंडला जाऊ लागले. गुरुवार-शुक्रवारी उगाच माझ्या टेबलाशी येऊन आवकेचा ट्रे चाळायचे. बढतीचं सुख मला त्या दिवसांत लागलं नाही.

जवळजवळ वर्षानं एक कार्ड आलं, बहुधा पोलंडच्या एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञाचं. त्यावर सरांचं आडनाव, अचूक. मी ते घेऊन धावतच गेलो. सरांनी बघितलं आणि खणात ठेवून दिलं. म्हणाले, "हे आबांच्या नावचं नाही. हे काय वाचायचं त्यांच्यापुढं?" त्या शनिवारी मी ते खणातून काढलं आणि सरांबरोबर एसटीत बसलो.

आबांना मीच सांगितलं, कार्ड आलंय म्हणून. सर ओशाळले. कार्ड हातात घेऊन म्हणाले, "आबा, ह्याच्यावर आता तुमचं नाव नाही."

"वाच तर."

सरांनी वाचलं. प्रिय डॉक्टर, आणि पुढं आडनाव.

"परत वाच."

सरांनी परत वाचलं. आबांनी हात पुढं केला, कार्ड घेतलं आणि अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"हे तर माझंबी आडनाव हाय," ते म्हणाले. "माझ्या बापाचंबी. त्याच्या बापाचंबी. आधीच्या कार्डांत म्या एकलाच हुतो रं. आता सगळी आली."